सहा घन सेंटिमीटरांचा कारभार

घाट चढून आलेली गाडी माथ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी थांबावी, मंडळींनी पाय मोकळे करावेत, आणि पुन्हा निघतेवेळी चालकाने क्लचवर पाय ठेवताच ते पेडल यत्किंचितही विरोध न करता तळाशी जाऊन तेथेच पडून राहावे, हा प्रसंग कशेडीच्या किंवा आंबेनळीच्या वाटेने नित्य ये-जा करणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मालकांना अपरिचित नसतो. इंजिन निर्वेध चालू असते. धूर नाही, आवाज नाही, काही तुटून पडल्याचे चिन्ह नाही. फक्त गिअर पडत नाही, आणि दांडी रेटू लागल्यास गिअरपेटीतून दात घासल्याचा कर्कश आवाज येतो. अशा वेळी मुरलेला चालक एक चमत्कारिक गोष्ट करतो. पायाच्या टोकाने ते पेडल उचलून तो भराभर चार-पाच वेळा दाबतो, आणि पाहता पाहता त्यात थोडा ताठपणा येतो, गिअर पडतो, गाडी हलते. मिनिटभराने पुन्हा पाहावे, तर पेडल पूर्ववत निपचित.

येथे जिज्ञासू प्रवाशाला प्रश्न पडावा. एखादा भाग तुटला असेल, तर तो नुसत्या दाबण्याने सांधला कसा जातो? आणि तुटलाच नसेल, तर आपोआप पुन्हा ढिला का पडतो? या कोड्याचे उत्तर पेडलापासून गिअरपेटीपर्यंत गेलेल्या, बाहेरून जेमतेम पावणेपाच मिलिमीटर व्यासाच्या एका नळीत आणि तिच्यात भरलेल्या द्रवात आहे. ती नळी बदलण्याचे काम मामुली समजले जाते, आणि नुसत्या लोखंडापुरते पाहिले तर ते तसे आहेही. परंतु नवीकोरी नळी बसवलेली गाडी आठवडाभरात पुन्हा गॅरेजात दाखल होते तेव्हा दोष बहुधा नळीचा नसतो. नळीतला द्रव हाही पिस्टनाइतकाच यंत्राचा एक अवयव आहे, आणि त्याची निवड, स्वच्छता व भरणी यांत कसूर करून चालत नाही, एवढे ध्यानी न घेतल्याचा तो परिणाम असतो.

क्लच करतो तरी काय?

इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे एक जड चाक फिरत असते. त्याला चिकटून क्लचप्लेट असते, आणि त्या प्लेटला मागून प्रेशर प्लेट एका बळकट पोलादी स्प्रिंगच्या जोरावर दाबून धरते. या तिघांची मिठी घट्ट असते तोवर इंजिनाची शक्ती गिअरपेटीत आणि तेथून चाकांत जाते. गिअर बदलताना ही मिठी क्षणभर सोडवावी लागते. त्यासाठी रिलीझ बेअरिंग नावाचे एक कडे स्प्रिंगच्या पाकळ्यांवर रेटले जाते आणि ते रेटण्याचे काम फोर्क ही दुबेळकी तरफ करते.

रेटण्याचे अंतर फार नसते, सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडे कमी. परंतु जोर मात्र दीडशे किलोच्या आसपास लागतो. माणसाचा पाय दहा-बारा किलोच्या पलीकडे वारंवार जोर लावू लागला की शहरातल्या गर्दीत अर्ध्या तासात गुडघा बोलू लागतो. तेव्हा थोडा जोर आणि लांब चाल घेऊन त्याबदली मोठा जोर आणि आखूड चाल देणारी काही तजवीज पेडल आणि फोर्क यांच्या दरम्यान असावी लागते.

तार नव्हे, द्रव

मारुती ८०० सारख्या लहान गाडीत ही तजवीज एका पोलादी तारेने भागवलेली होती, आणि ती स्वस्त व बिनतक्रार होती. मोठ्या गाडीत मात्र तारेची अडचण होते. तार जितकी वळणे घेईल तितके तिचे घर्षण वाढते. शिवाय इंजिन रबरी आधारांवर बसलेले असल्यामुळे ते हलते, गाडीचा सांगाडा त्याच्याबरोबर हलत नाही, आणि या दोहोंच्या ओढाताणीत तारेची चाल कमीजास्त होत राहते. म्हणून तारेच्या जागी द्रव आला.

आंब्याखाली उभे राहून वेळूच्या काठीने कैरी ढोसणारे पोर खालचे टोक वीतभर वर सारते, तेव्हा वरचे टोकही त्याच क्षणी वीतभर वर जाते, कारण वेळू आखूड होत नाही. बंद नळीत काठोकाठ भरलेला द्रव हा असाच एक वेळू आहे. एका टोकाने दाबल्यास तो आक्रसत नाही आणि दुसऱ्या टोकाने तितकाच पुढे सरतो. या वेळूला दोन गुण अधिक. एक, तो कोपऱ्याकोपऱ्यांतून हवा तसा वळवता येतो. दोन, त्याचे पलीकडचे टोक जाड केले तर तेथे निघणारा जोर त्या टोकाच्या क्षेत्राच्या प्रमाणात वाढतो. बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो हा सिद्धांत ब्लेझ पास्काल (१६२३–१६६२) या फ्रेंच पंडिताने मांडला. त्यासंबंधीचा त्याचा प्रबंध त्याच्या निधनानंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. त्याचा रोकडा उपयोग करून १७९५ साली जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने द्रवदाबाच्या प्रेसचे पेटंट घेतले, आणि विसाव्या शतकात हेच तत्त्व प्रथम मोटारीच्या ब्रेकांत रुजू होऊन पुढे क्लचमध्येही रुळले.

पेडलाजवळच्या पिस्टनाच्या घराला मास्टर सिलिंडर म्हणतात, गिअरपेटीजवळच्या घराला स्लेव्ह सिलिंडर. या दोहोंना जोडणारी ती आपली नळी: सांगाड्यावरून जाणारा मोठा भाग पोलादी पाइपाचा, आणि हलत्या इंजिनाकडे पोचणारा शेवटचा हात-दीड हात रबरी होजपाइपाचा.

चौकट : एका दाबाचा हिशेब

(आकडे मध्यम आकाराच्या गाडीचे, समजुतीसाठी सोपे केलेले, गाडीगणिक त्यांत फेरफार असतो.)

पायाचा जोर १० किलो, पेडलाची चाल १५ सेंटिमीटर. पेडलाची तरफ एकास पाच, म्हणून मास्टरच्या पिस्टनावर जोर ५० किलो आणि चाल ३ सेंटिमीटर.

मास्टरचा व्यास १६ मिलिमीटर, म्हणजे तोंडाचे क्षेत्र सुमारे २ चौरस सेंटिमीटर. नळीतला दाब दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो. पुढे ढकललेला द्रव ६ घन सेंटिमीटर.

स्लेव्हचा व्यास २० मिलिमीटर, क्षेत्र सुमारे ३.१ चौरस सेंटिमीटर. तेथे जोर सुमारे ७८ किलो, चाल १.९ सेंटिमीटर.

फोर्कची तरफ एकास दोन, म्हणून बेअरिंगवर जोर सुमारे १५५ किलो, चाल साडेनऊ मिलिमीटर.

बुडबुड्याची किंमत

या हिशेबातील सर्वांत लक्षणीय आकडा जोराचा नाही, द्रवाचा आहे. सहा घन सेंटिमीटर म्हणजे औषधाचा सव्वा चमचा! एवढ्या द्रवाच्या सरकण्यावर टनभर वजनाच्या गाडीचे गिअर पडणे न पडणे मुकरर होते, आणि म्हणूनच त्यात कोणी वाटेकरी शिरलेला परवडत नाही.

समजा, नळीत कोठेतरी एक घन सेंटिमीटर हवा राहिली. द्रव पंचवीस किलोच्या दाबाखाली हजारात एखाद्या भागाहून अधिक आक्रसत नाही. हवा मात्र त्याच दाबाखाली मूळच्या सुमारे सव्विसाव्या हिश्शाएवढी होते. म्हणजे पायाने ढकललेल्या सहांपैकी जवळजवळ एक घन सेंटिमीटर द्रव नुसता तो बुडबुडा चेपण्यात खर्ची पडला. बेअरिंगची चाल साडेनऊ मिलिमीटरांवरून आठांवर आली. तेवढ्याने मिठी पुरती सुटत नाही, प्लेट घासत राहते, आणि रिव्हर्स टाकताना पेटी करवादते. वेळूच्या काठीत मध्येच कापसाचा बोळा बसवून कैरी ढोसू पाहावे, तशातली ही गत.

आता पेडल भराभर दाबल्याने ते जिवंत का होते, हे सांगणे सोपे आहे. मास्टरच्या पिस्टनाच्या तोंडाशी रबराची एक वाटी असते. पेडल सोडताच स्प्रिंग पिस्टनाला झटक्याने मागे आणते, पण नळीतला द्रव तितक्या त्वरेने परतत नाही. वाटीपुढे क्षणभर पोकळी होते, वाटीची कड आत मुडपते, आणि मास्टरला द्रव पुरवणाऱ्या वरच्या डब्यातला ताजा द्रव कडेने आत शिरतो. लगेच पुन्हा दाबल्यास तो जास्तीचा द्रवही नळीत लोटला जातो. अशा चार-पाच झटक्यांत गळालेल्या द्रवाची किंवा बुडबुड्याने खाल्लेल्या चालीची भरपाई होते आणि पेडल ताठ लागते. परंतु नळीला भोक पडलेले असेल, तर पाय स्थिर ठेवला तरी त्यातून गळती चालूच असते. आणि पेडल पूर्ण वर येऊ दिले, तर पिस्टनापुढचे एक बारीक छिद्र उघडे पडून जास्तीचा द्रव डब्यात परत जातो. उसनी ताकद मिनिटभरात ओसरते ती यामुळे.

म्हणून पेडल बसल्यावर पहिली नजर डब्यावर टाकावी. पातळी उतरली असेल तर द्रव बाहेर पळतो आहे. पातळी कायम असेल तर हवा शिरली आहे, किंवा मास्टरची वाटी झिजून द्रव तिच्या कडेने मागे निसटतो आहे. आणि गाडी अर्धा तास उभी केल्यावर पेडल आपोआप सुधारले, तर द्रव जुना व पाणी प्यालेला असल्याचा दाट संशय घ्यावा, त्याविषयी पुढे.

अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांचा डबा एकच असतो. अशा डब्यात क्लचकडे जाणारे तोंड मुद्दाम उंचावर ठेवलेले असते, जेणेकरून क्लचची नळी फुटून त्या बाजूचा द्रव संपला तरी ब्रेकांच्या वाट्याचा द्रव तळाशी शाबूत राहावा. ज्या कोणा अभियंत्याला हे प्रथम सुचले त्याने किती जीव वाचवले असतील, याची कोठे नोंद नाही.

नळीला इजा कशाने होते

पोलादी पाइप सहसा आपण होऊन फुटत नाही. त्याला घासले जाते किंवा गंजवले जाते. पाइपाला सांगाड्याशी धरून ठेवणारी एखादी क्लिप मागच्या दुरुस्तीत हरवलेली असते. तेवढ्या निमित्ताने पाइप लोखंडाच्या कडेवर थरथरत राहतो. प्रथम त्याचा रंग जातो, मग नखाएवढी उजळ जागा दिसू लागते, मग त्या उजळ जागी सपाटी येते, आणि एके दिवशी त्या सपाटीच्या मध्यभागी घामाच्या थेंबासारखा एक थेंब उभा राहतो. कोकणपट्टीत दुसरा शत्रू प्रबळ. क्लिपांच्या आत अडकलेला चिखल पावसाळाभर ओला राहतो, त्यात खारा वारा, आणि बाहेरून धड दिसणारा पाइप नेमका क्लिपेखाली चाळणी झालेला असतो. रबरी होजपाइपावर उंदरांचा डोळा असतो; पावसाळ्यात चार दिवस एका जागी उभी असलेली गाडी त्यांना घरासारखीच वाटते. हल्लीच्या कित्येक गाड्यांत पाइपही प्लास्टिकचा असतो. तो गंजत नाही, पण धुराड्याच्या आचेपाशी सरकला तर वितळून बसतो.

होजपाइपाची आणखी एक व्याधी अशी की, ती बाहेरून दिसत नाही. वर्षानुवर्षे द्रवात भिजून आतले रबर फुगते आणि मधली वाट अरुंद होते. पाय जोरकस असल्यामुळे द्रव त्या वाटेने स्लेव्हकडे जातो. पण परत येताना त्याला ढकलणारे बळ तितके नसते, म्हणून तो मागेच अडकतो. पेडल वर आले तरी क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो, प्लेट घसरते, चढावर इंजिन गरजते आणि गाडी पुढे जात नाही, जळका वास येतो. हे पाहून प्लेट संपली असा निवाडा देऊन गिअरपेटी खाली उतरवणारे मिस्त्री थोडे नाहीत, आणि त्या निवाड्याचा खर्च मालकाच्या माथी बसतो. वास्तविक परीक्षा क्षणाची आहे: प्लेट घसरत असताना इंजिन बंद करून स्लेव्हवरचे हवा काढण्याचे निपल किंचित सैल करावे, तेथून द्रवाची चिळकांडी उडाली आणि त्यानंतर क्लच धरू लागला, तर गुन्हेगार होजपाइप. पेटी उतरवण्याचा हुकूम देण्यापूर्वी ही खातरजमा प्रत्येक मालकाने मिस्त्र्याकडून मागून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गळती कोठे आहे हे शोधताना द्रवाची ओळख उपयोगी पडते. इंजिन ऑइल दाट आणि काळे, गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प; गॅरेजात ब्रेक ऑइल या नावाने मिळणारा हा द्रव मात्र पातळ, फिक्या रंगाचा, आणि पाण्यात टाकल्यास पाण्याशी एकजीव होणारा. पायापाशी सतरंजी ओली असेल तर मास्टर गळतो, स्लेव्हच्या रबरी टोपणात ओल असेल तर स्लेव्ह. दोन्ही कोरडे आणि मधला पाइप ओला, तर नळी. सांधे कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावेत, दुसऱ्याला पेडल दाबून धरायला सांगावे, आणि प्रत्येक सांध्यावर कोरा कागद टेकवून पाहावा. कागद खोटी साक्ष देत नाही.

जोडकाम आणि नवे काम

फुटक्या जागी रबराची नळी चढवून दोन्हीकडून क्लिपा आवळणे किंवा वरून एम-सीलचा लेप देणे, हा उपाय अजूनही सुचवला जातो. मोटारीच्या टायरात हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोंच्या आसपास असतो, आणि या नळीत त्याच्या बारापट. याउपर त्या लेपावर किती इतबार ठेवायचा ते ज्याचे त्याने ठरवावे.

नवी नळी दोन प्रकारे मिळते: कंपनीची तयार वळवलेली, किंवा कारागिराने गुंडाळीतून कापून बनवलेली. दुसरा प्रकार कमअस्सल समजण्याचे कारण नाही, मात्र धातू योग्य हवा. पोलादी पाइप किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा पाइप चालतो. शुद्ध तांब्याचा पाइप वळवायला मऊ म्हणून कारागिरांचा लाडका असला तरी सततच्या थरथरीने तो कडक होत जातो आणि शेवटी तडकतो, सबब तो वर्ज्य.

जुना पाइप काढण्यापूर्वी त्याच्या वळणांचे चित्र काढून ठेवावे, किंवा एक जाड तार त्याच मार्गाने वाकवून नमुना घ्यावा. मास्टरजवळ पाइपाला एक-दोन वेटोळी दिलेली असतील, तर ती शोभेची समजून नव्या पाइपात गाळू नयेत. थरथर पचवण्यासाठी ती असतात. जुने नट गंजाने धरलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, आणि साधा पाना न लावता फ्लेअर नटाचा खास पाना लावावा, जो नटाला सहांपैकी पाच बाजूंनी कवेत घेतो. साधा पाना मऊ नटाचे कोपरे खातो, आणि कोपरे गेलेला नट हे पुढच्या दोन तासांच्या क्लेशाचे निमित्त होते. होजपाइपाच्या सांध्यावर दोन पाने हवेत, एक होजपाइपाचा षट्कोन जागीच धरण्यासाठी व दुसरा नट फिरवण्यासाठी. एकाच पान्याने जोर लावला तर नट फिरत नाही, पाइपच पिळवटतो.

पाइप करवतीने कापू नये, कारण करवतीचा कीस आत राहून तो पुढे वाटीला ओरखडे पाडतो. लहानशा चाकाचा पाइप-कटर पाइपाभोवती फिरवावा, आणि आतली धार काढून कीस झटकून टाकावा. आणि टोक फुलवण्याआधी नट पाइपावर चढवावा. हे इतके उघड आहे की सांगण्याची गरज पडू नये. परंतु सुंदर फुलवलेले टोक हातात धरून, बाजूला पडलेल्या नटाकडे खिन्नपणे पाहत बसलेला कारागीर प्रत्येक गॅरेजात केव्हा ना केव्हा दिसतोच.

टोक फुलवण्याला फ्लेअर करणे म्हणतात, आणि सगळ्या लोखंडकामात नजाकत आहे ती एवढ्याच जागी. पाइपाचे टोक साच्यात धरून प्रथम त्याची कड आत मुडपतात, मग वरून निमुळता ठोकळा दाबून ती मुडपलेली कड बाहेर उलगडतात, म्हणजे तोंडाशी धातूचा दुहेरी थर तयार होतो. एकेरी फुलवलेली पोलादी कड ताणाने चिरते. दुहेरी कड नटाच्या दाबाखाली समोरच्या निमुळत्या बैठकीवर गच्च बसते आणि वायसरावाचून सांधा बंद करते. काही गाड्यांत कडेला बुडबुड्यासारखा एकेरी फुगवटा असतो. या दोन जाती एकमेकींच्या जागी चालत नाहीत. नटाचे आटे जुळले तरी बैठक जुळत नाही, आणि कितीही आवळले तरी सांधा पाझरतो. म्हणून जुने टोक समोर ठेवूनच नवे करावे.

बसवताना प्रत्येक नट प्रथम बोटांनी तीन-चार वेढे फिरवावा. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरपे बसले आहेत, पान्याने जबरी करू नये. शेवटचे आवळणे साधारण १५ न्यूटन-मीटर, म्हणजे आखूड पान्यावर एका हाताचा बेताचा जोर. होजपाइपावर लांबीने एक रेघ छापलेली असते. बसवल्यावर ती सरळ दिसली पाहिजे. सांध्याच्या शेवटी तांब्याचे वायसर असतील तर ते नवेच घालावेत. आणि हरवलेल्या क्लिपांची यादी याच वेळी पुरी करावी, नाहीतर नव्या पाइपाच्या नशिबी जुन्याचेच मरण.

द्रवाची निवड

बाटलीवर डॉट ३, डॉट ४ असे शिक्के असतात. अमेरिकेच्या परिवहन खात्याने ठरवलेल्या या प्रती आहेत. डॉट ३ चा उकळबिंदू ताजेपणी किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा २३० अंश असावा लागतो. हे द्रव ग्लायकॉल वर्गातले असून हवेतले पाणी शोषून घेणे हा त्यांचा स्वभाव. पाण्याचे प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेले की तेच बिंदू अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतात. घाटात अर्धा क्लच दाबून गाडी तोलत राहिल्यास गिअरपेटीचे तोंड आणि शेजारचे धुराडे यांची आच स्लेव्हपर्यंत पोचते. पाणी प्यालेला द्रव उकळतो, वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल बसते. गाडी निवली की वाफ विरते आणि पेडल सुधारते. पूर्वी ज्या संशयाचा उल्लेख केला तो हा.

डब्याच्या झाकणावर जी प्रत लिहिलेली असेल तीच घालावी. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल किंवा दुसरे कोणतेही खनिज तेल यात थेंबभरही जाता कामा नये. त्याने वाट्या फुगून लोण्यासारख्या मऊ होतात आणि मास्टर, स्लेव्ह, होजपाइप यांपैकी काहीच वापरण्याजोगे राहत नाही. डॉट ५ हा सिलिकोनचा, निराळ्या कुळीचा. नावात साम्य असले तरी डॉट ५.१ शी त्याचे नाते नाही. अर्धी वापरून महिनोन्महिने फडताळात ठेवलेली बाटली, आणि हवा काढताना बाहेर आलेला द्रव, ही दोन्ही फेकण्याच्याच लायकीची. हा द्रव गाडीचा रंग सोलून काढतो, म्हणून सांडताच भरपूर पाण्याने धुवावे.

हवा काढणे

नळी बसली, द्रव भरला, आणि तरीही पेडल पूर्वीइतकेच निर्जीव आहे, कारण नवी नळी अजून हवेने भरलेली आहे. गाडीच्या चाकांना पुढूनमागून ठोकळे लावून, आणि खाली शिरायचे असेल तर जॅकवर न विसंबता गाडी लोखंडी स्टँडवर घेऊन, दोघांनी कामाला लागावे. एक आसनावर, दुसरा खाली. स्लेव्हच्या सर्वांत उंच जागी एक निपल असते. त्यावर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक बाटलीत थोड्या द्रवाखाली बुडवून ठेवतात.

खालून हाक येते, “दाब.” वरचा पेडल तळापर्यंत नेऊन म्हणतो, “दाबलं.” मग खालचा निपल पाव वेढा उघडतो, द्रव आणि बुडबुडे फसफसत बाटलीत येतात, आणि धार मंदावताच, पेडल अजून दाबलेलेच असताना, तो निपल बंद करतो. त्यानंतरच हाक येते, “सोड.” सारी विद्या या क्रमात आहे. निपल उघडे असताना वरच्याने पाय उचलला, तर पिस्टन मागे येताना बाहेर गेलेली हवा आटे आणि नळी यांच्या वाटेने परत आत ओढून घेतो, आणि सकाळपासूनची मेहनत एका श्वासात बुडते. भराभर पंप करू नये. मोठा बुडबुडा फुटून त्याचे शंभर बारीक होतात आणि ते बाहेर यायला अधिक वेळ घेतात. आणि डब्यावर सारखी नजर हवी. सहा-सहा घन सेंटिमीटर करीत तो पाहता पाहता रिता होतो, आणि तळ उघडा पडला की मास्टर पुन्हा हवा गिळतो.

कधीकधी इतके करूनही पेडल स्पंजासारखेच लागते. पाइपाचे एखादे वळण मास्टरपेक्षाही उंच गेलेले असते. हवा हलकी, ती त्या माथ्यावर ठाण मांडते, आणि सव्वा चमचा द्रवाच्या धक्क्याने ती खाली ढकलली जात नाही. अशा वेळी तिच्या स्वभावाविरुद्ध न जाता उलट मार्ग धरावा: डबा थोडा रिकामा करून, स्वच्छ पिचकारीने निपलातून ताजा द्रव वरच्या दिशेने हळूहळू सारावा, म्हणजे बुडबुडे आपल्या वाटेने डब्यात येऊन फुटतात. स्लेव्ह बाहेर असलेल्या गाडीत त्याचा पिस्टन हाताने सावकाश आत दाबूनही हेच साधते. ज्या नव्या गाड्यांत स्लेव्ह गिअरपेटीच्या पोटात, दांड्याभोवतीच बसवलेला असतो, तेथे ही दुसरी सोय नाही. तेथे पिचकारी किंवा दाबाचे यंत्र.

अखेरीस इंजिन चालू करून, पेडल तळाशी धरून तीन-चार सेकंदांनी रिव्हर्स टाकावा. तो आवाजावाचून पडला तर काम झाले. मग सांधे पुन्हा कोरडे पुसून, पेडल वीस-पंचवीस वेळा दाबून, कागद टेकवावा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याची पातळी पुन्हा पाहावी.

वाचकांना एक विनंती. क्लचची नळी ज्या वयाची आणि ज्या चिखलात भिजलेली, त्याच वयाच्या आणि त्याच चिखलातल्या नळ्या चारही चाकांच्या ब्रेकांकडे गेलेल्या असतात. क्लचने दगा दिला तर गाडी जागची हलत नाही, इतकेच. ब्रेकांची गोष्ट निराळी. गाडी स्टँडवर आहे, कारागीर खाली आहे, बॅटरी हातात आहे, तेव्हा त्याला त्याच दिवशी त्या नळ्यांच्या क्लिपांखालीही पाहायला सांगावे, आणि गंज दिसल्यास दुरुस्ती पुढच्या महिन्यावर टाकू नये.